बोरमाळ वाचू या

त्या रात्री आमच्या वर्गात ‘ब’ चालला होता. मी फळ्यावर लिहिले, ‘बोर’. खाली बोराचे चित्र काढले. चित्र काही साधले नाही. ते बटाट्यासारखे दिसू लागले. सगळी मंडळी हसली.

मागच्या ओळीत एक आजीबाई बसतात. वय सत्तरीच्या पुढे. त्या उठल्या. गळ्यातली माळ काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“गुरुजी, चित्र कशापायी काढता? ही बघा की बोरं!”

ती बोरमाळ होती. सोन्याचे गोल मणी, अगदी पिकल्या बोराएवढे नव्हेत, रानातल्या बारक्या बोराएवढे. एका मण्याला चेप होता. माळ हातोहात फिरली. बायकांनी ती तळहातावर तोलून पाहिली. पुरुष मंडळींनीही पाहिली, पण आपण पाहत नाही असे दाखवून!

मी आजीबाईंना विचारले, “तुम्हाला अक्षर येत नव्हते तेव्हा ही बोरमाळ आहे हे कुणी सांगितले?”

“सांगायचं कशाला? दिसतंय की. बोरासारखी ती बोरमाळ. जोंधळ्यासारखी ती जोंधळी पोत.”

पाहा मंडळी. म्हणजे आपल्या आयाबायांना एक पोथी आधीपासूनच वाचता येत होती. ती गळ्यात होती, कानात होती, पायात होती. म्हणून त्या रात्री मी धडा बदलला. ‘ब’ तिथेच ठेवला आणि आम्ही दागिने वाचायला बसलो.

मी म्हणालो, “सांगा एकेक नाव. मी फळ्यावर लिहितो.”

मग काय! बोरमाळ झाली. जोंधळी पोत झाली. एकीने पोहेहार सांगितला. त्याचे मणी पोह्यासारखे चपटे. एकीने चंपाकळी सांगितली. तिच्यात चाफ्याच्या कळ्या ओळीने लोंबतात. पायाच्या बोटातल्या मासोळ्या आल्या. आंबाड्यात खोवायचे शेवंतीचे फूल आले, केवडा आला, चंद्रकोर आली. ठुशी आली. तिचे नाव फळाफुलाचे नाही. तिच्यात मणी ठासून बसवलेले असतात, म्हणून ती ठुशी.

फळा भरला. पाहतो तर काय, अर्धा फळा शेतातला आणि रानातला! जोंधळा, बोर, चाफा, मासा, चंद्र. सोनार काही आकाशातून आकार आणत नव्हता. दाराबाहेर जे दिसे तेच तो घडवी. घेणारीही तेच मागे. जिने दिवसभर जोंधळा खुडला तिला गळ्यात सोन्याचा जोंधळा घालावासा वाटला, यात मला तरी मोठे शहाणपण दिसते.

एक नाव मात्र फार लांबून आलेले आहे. पुतळीमाळ तुम्ही पाहिली असेल. सोन्याच्या गोल चकत्या, चकतीवर माणसाची आकृती. युरोपात व्हेनिस नावाचे शहर आहे. तिथले व्यापारी सोन्याची नाणी देऊन माल नेत. त्या नाण्यांवर माणसांच्या आकृती असत. आपल्याकडे त्या नाण्याला पुतळी म्हणू लागले. बायकांनी नाणी माळेत ओवली. पुढे सोनार तशाच चकत्या घडवू लागले. परक्या मुलखातले नाणे आपल्या आजीच्या गळ्यात येऊन बसले आणि घरचेच झाले.

आमच्या वर्गात कोल्हापूरकडून आलेली एक सून आहे. ती लाजरी. तोवर बोलली नव्हती. हळूच म्हणाली, “गुरुजी, साज लिवला न्हाई तुम्ही.”

खरेच की! कोल्हापुरी साज राहिलाच होता. साज म्हणजे एक हार. त्यात सोन्याचे बारीक जवमणी असतात आणि मण्यांच्या मध्ये लहान लहान आकार लोंबतात. त्या आकारांना पाने म्हणतात. पूर्वी पुऱ्या साजात एकवीस पाने असत असे सांगतात. दहा पाने दशावतारांची. आठ पाने अष्टमंगळांची. दोन पाने माणिक आणि पाचू यांची. एक ताईत. आता बहुतेक साज दहा-बारा पानांचे असतात. पानांत मासा असतो, कासव असते, शंख, कमळ, चंद्र, नाग, बेलपान, भुंगा, वाघनख, कारले असे आकार असतात.

म्हणजे इथे नुसता जोंधळा राहिला नाही. इथे कथा आली. मासा हा विष्णूचा पहिला अवतार. मोठा पूर आला तेव्हा त्याने मनूची नाव ओढून नेली. कासव हा दुसरा. देवांनी आणि दैत्यांनी समुद्र घुसळला तेव्हा रवी झालेला डोंगर खाली बुडू लागला. कासवाने तो पाठीवर तोलून धरला. ही कथा जिने कीर्तनात ऐकली, तिला साजातले इवलेसे कासव पुरते. बाकीचे तिचे तिला आठवते.

नागाचे पान पाहिले की आपल्याला नागपंचमीची कहाणी आठवते. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागाची पिल्ले मेली. नागीण चिडली. तिने घरातली सगळी माणसे डसून मारली. मग ती त्याच्या लेकीच्या सासरी गेली. लेकीने पाटावर नाग काढले होते, पुढे दूध-लाह्या ठेवल्या होत्या. नागीण शांत झाली आणि माहेरची माणसे पुन्हा उठली. त्या दिवशी आपण नांगर धरत नाही तो याचसाठी.

आणि कारले? कारल्यासारखी कडू भाजी सोन्याच्या हारात कशाला, असे मी विचारले. कोल्हापूरची सून म्हणाली, “भोंडल्याचं गाणं न्हाई का गुरुजी? सुनंला म्हायेरी जायचंय. तर सासू म्हणती, आधी कारल्याचा वेल लाव.” सगळ्या बायका एकदम हसल्या. वेल लाव, मग तो वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे. माहेर काही येत नाही! सोनाराच्या मनात हे गाणे होते की नुसता कारल्याचा खवलेदार आकार त्याला आवडला, कोण जाणे. पण घालणारीच्या मनात ते गाणे असणार.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या गावच्या सोनारदादांना वर्गात बोलावले. ते म्हातारे गृहस्थ आहेत. मोठ्या दुकानांपुढे त्यांचे काम आता थोडे उरले आहे. जोडवी, मुलांचे वाळे आणि डागडुजी. येताना त्यांनी हातोडी, चिमटा, फुंकणी आणि कसोटीचा काळा दगड आणला. आजीबाईंची माळ त्यांनी कंदिलाशी धरून पाहिली. वीज त्या दिवशीही गेली होती.

“हाताची आहे,” ते म्हणाले. “दोन बोरं सारखी नाहीत.”

मग त्यांनी बोर कसे होते ते सांगितले. सोनाराच्या शेगडीला बागेसरी म्हणतात. बागेसरीत कोळसे फुलवायचे. मुशीत सोने वितळवायचे. त्याची कांब ओतायची. ऐरणीवर ठोकून ठोकून पातळ पत्रा करायचा. आता पत्रा यंत्रात दाबून निघतो. पत्र्याच्या चकत्या कापायच्या. चकती ठशावर ठोकली की तिची वाटी होते. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या आणि झाळल्या की एक मणी. मण्याला दोन बाजूंनी भोके पाडायची. मग उजळा द्यायचा. मग पटवेकऱ्याकडे माळ गाठवायला द्यायची.

“मणी पोकळ असतो तर?” एका तरुणाने विचारले.

“पोकळच. भरीव केला तर गळ्यात दगड बांधल्यासारखं होईल, आणि परवडेल कुणाला? पण पोकळ मणी चेपतो. म्हणून आत लाख भरतात.”

आता लाख म्हणजे काय ते पाहा. लाखेचा एक बारीक किडा असतो. तो पळसाच्या, कुसुमाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर राहतो. झाडाचा रस पितो. त्याच्या अंगातून राळेसारखा पदार्थ निघतो. फांदीवर त्याची जाड साल धरते. ती खरवडून, वितळवून, गाळून लाख होते. म्हणजे बघा, बोराच्या आकाराचा मणी, आणि त्याच्या पोटात जी लाख ती बोरीच्या झाडावरही पिकते! हे मला ठाऊक नव्हते. सोनारदादांनी सांगितल्यावर मी दोनदा विचारून घेतले.

पण हीच लाख आमच्या घरी रडवून गेली आहे. ती गोष्ट सांगतो.

माझ्या आत्याबाईंनी पै पै साठवून बोरमाळ केली. कोंबड्या विकल्या, भुईमूग विकला. तालुक्याच्या एका दुकानातून माळ घेतली. दुकानदाराने तराजूत माळ टाकली, वजन सांगितले आणि पैसे घेतले. एक चिठ्ठी दिली. आत्याबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी चिठ्ठी डब्यात जपून ठेवली. पुढे बरीच वर्षे गेली. त्यांच्या मुलाचे पोटाचे ऑपरेशन निघाले. माळ मोडायला दुसऱ्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने एक मणी कापला. आतून लाल-काळी लाख निघाली. सगळी माळ वितळवली तेव्हा वजन तिसरा हिस्सा कमी भरले. चिठ्ठी काढून पाहिली. तिच्यावर एकच आकडा होता. माळेचे सगळे वजन. लाखेचे वजन वेगळे लिहिलेलेच नव्हते. आत्याबाईंनी लाख सोन्याच्या भावाने घेतली होती.

त्या कुणावर ओरडल्या नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, “चिठ्ठी माझ्यापाशीच व्हती की रे.”

मी हे सोनारदादांना सांगितले. ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, लाख भरणं ही फसवणूक नव्हे. लाख सोन्याच्या भावानं विकणं ही फसवणूक.”

हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. आम्ही ते तीन वेळा मोठ्याने वाचले.

मग सोनारदादांनी नरहरी सोनाराची गोष्ट सांगितली. संत नरहरी पंढरपूरचे. धंद्याने सोनार आणि पक्के शिवभक्त. विठ्ठलाचे तोंड पाहणार नाही असा त्यांचा हट्ट. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला दिला. नरहरींनी माप मागवून करगोटा घडवला. तो सैल झाला. तोडून कमी केला तर आखूड झाला. असे पुन्हा पुन्हा झाले. शेवटी ते स्वतः माप घ्यायला गेले, पण डोळ्यांवर पट्टी बांधून! मूर्तीच्या कमरेला हात लावला तो हाताला शंकर लागला. पट्टी काढली तो समोर विठ्ठल. पट्टी बांधली की शंकर, काढली की विठ्ठल. तेव्हा त्यांचा भेद गेला. माणसे ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात. सोनारदादा म्हणाले, “आम्ही सोनार ती मापाची म्हणूनही सांगतो. डोळे बांधून माप घेऊ नये.”

मापावरून तोळा आठवला. इथे मंडळींनी नीट लक्ष द्यावे.

जुन्या काळी सोने गुंजांनी तोलत. गुंज म्हणजे रानवेलीचे लाल बी, डोक्यावर काळा ठिपका असलेले. दिसायला देखणे, पण विषारी. पोरांना चावू देऊ नका. आठ गुंजांचा एक मासा. हा मासा पाण्यातला नव्हे. संस्कृतात उडदाला माष म्हणतात, त्यावरून तो आला. बारा माशांचा एक तोळा. म्हणजे सोन्याचे आकारही रानातले आणि वजनेही शेता-रानातली!

१९५६ साली दशमान वजनांचा कायदा झाला. १९५८ पासून ग्रॅम आणि किलो येऊ लागले. जुना तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. पण आता दुकानात तोळा म्हटले की १० ग्रॅम धरतात. शब्द तोच राहिला आणि वजन बदलले.

आजीबाई म्हणाल्या, “माझी माळ तीन तोळ्यांची. सासूबाई तशी सांगायच्या.”

आम्ही हिशेब मांडला. जुने तीन तोळे म्हणजे जवळजवळ ३५ ग्रॅम. आजचे तीन तोळे म्हणजे ३० ग्रॅम. फरक ५ ग्रॅमचा. कुणी म्हणाले, ‘आजी, तुमची तीन तोळ्यांची माळ द्या, ही तीन तोळ्यांची नवी घ्या’, तर ५ ग्रॅम गेले ना? ५ ग्रॅम सोन्याला आज काय पडते ते पेपरातल्या भावावरून ज्याने त्याने काढून पाहावे. आणि या ३५ ग्रॅममध्येही लाख किती हा प्रश्न आहेच. समजा लाख १० ग्रॅम निघाली. मग सोने राहिले २५ ग्रॅम. म्हणून सोन्याचा बोलताना तोळा बोला, पण लिहून घेताना ग्रॅम लिहून घ्या. आणि सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहून घ्या.

वजनानंतर कस. सोनारदादांनी कसोटीच्या दगडावर माळेचा मणी हलकेच घासला. पिवळी रेघ उठली. शेजारी त्यांनी आपल्याजवळच्या चांगल्या सोन्याची रेघ ओढली. दोन्ही रेघा पाहून त्यांनी मान हलवली. शेकडो वर्षे असेच चालत आले आहे. सोनाराची नजर हीच आपली पावती. पण नजर सगळ्यांची सारखी नसते आणि नियतही सारखी नसते.

आता सरकारी शिक्का आला आहे. त्याला हॉलमार्क म्हणतात. तपासणी केंद्रात सोने तपासतात आणि दागिन्यावर तीन खुणा उमटवतात. पहिली खूण भारतीय मानक ब्यूरोची, त्रिकोणासारखी. दुसरी खूण सोन्याच्या शुद्धतेची. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. याचा अर्थ सोपा आहे. हजार भागांत ९१६ भाग सोने. बाकीचे तांबे किंवा चांदी. निव्वळ शुद्ध सोने फार मऊ असते, म्हणून थोडी भेसळ घालावीच लागते. १८ कॅरटचा आकडा ७५०. तिसरी खूण म्हणजे सहा खुणांचा क्रमांक. त्यात अक्षरे आणि अंक मिसळलेले असतात. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक निराळा. हा क्रमांक ब्यूरोच्या मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’ या सोयीत घातला की दागिना कुणी, कोणत्या शुद्धतेचा म्हणून नोंदवला ते दिसते.

ही सक्ती २०२१ सालापासून टप्प्याटप्प्याने, एकेका जिल्ह्यात लागू होत गेली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा खुणांचा क्रमांक असलाच पाहिजे. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला सक्ती नाही. शिक्का फार बारीक असतो. म्हणून दुकानात भिंग ठेवलेले असते. ते मागायला लाजू नका. भिंग मागितले म्हणून दुकानदार रागावला तर दुसरे दुकान आहे!

एक अडचण मात्र आहे. हे आकडे आणि अक्षरे इंग्रजी वळणाची असतात. आपला ९ आणि त्यांचा नऊ सारखा दिसत नाही. म्हणून त्या रात्री आम्ही इंग्रजी अंकही गिरवले. नऊ, एक, सहा. कोल्हापूरच्या सुनेने पाटीभर गिरवले.

घरात जुना दागिना असेल आणि त्यावर शिक्का नसेल तर घाबरू नका. आजीबाईंच्या माळेवरही नाही. थोडी फी भरून तपासणी केंद्रात जुने सोने तपासून मिळते. कागद हातात येतो.

कागदावरून शेवटचे काम आम्ही केले. प्रत्येकाने आपल्या घरच्या दागिन्यांची यादी करायची. लग्नात बाईला मिळालेला दागिना हे तिचे स्त्रीधन आहे. हिंदू स्त्रीला अशा मालमत्तेची पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिली. पण दागिना कोणता, केवढा, कुणी दिला, हे कुठे लिहिलेलेच नसले तर भांडणाच्या वेळी काय दाखवणार? एक पुरुष म्हणाला, “आमच्या घरात काय सोनं? म्हातारीच्या गळ्यात तुळशीची माळ हाय.” मी म्हणालो, “तीही लिहा. पंढरपूरची आहे ना? लाकूड कापून, मणी कातून कुणीतरी हाताने केली आहे.” त्याने लिहिली.

आजीबाईंनी पहिल्यांदाच पाटी सोडून वहीत लिहिले. त्यांचे अक्षर वाकडे आहे, पण लागते. माळेचे मणी त्यांनी दोनदा मोजले. सोनारदादांनी काट्यावर वजन करून दिले. वहीचे ते पान असे आहे:

बोरमाळ १. मनी ४६. एक चेपलेला.
वजन ३४ ग्रॅम. लाख धरून.
सासूबाईंनी दिली. थोरल्या नातीला द्यायची.